तापाची बंदूक

एस्तेरचा एक पाय बसच्या पायरीवर आणि दुसरा अजून रस्त्यावर होता, तेवढ्यात अद्वैतच्या आईने मागून तिचं दप्तर धरलं आणि ओढलं. दप्तराचे दोन्ही पट्टे पोरीच्या खांद्यांत होते, त्यामुळे दप्तराबरोबर पोरगीही मागे गेली आणि पाठीवर पडली. दप्तर मध्ये आलं म्हणून डोकं वाचलं. डबा उघडून भात डांबरावर सांडला. नऊ वर्षांचं लेकरू रस्त्यावर उताणं पडलेलं, तोंडावर निळा मास्क, वर फक्त डोळे. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. दारात मी उभी होते आणि माझ्या हातात ताप मोजायची बंदूक होती.

अद्वैतच्या आईने पर्स उघडली, सॅनिटायझर काढला आणि हात चोळले. मनगटापर्यंत चोळले. मग म्हणाली, "ही काळी पोरगी आत बसली तर आमची मुलं बसणार नाहीत." मराठीत म्हणाली, म्हणजे मलाच म्हणाली. तिथे मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं.

दरवर्षी ऑगस्ट संपत आला की इथे आखातात, रास अल खैमात, शाळेच्या पिवळ्या बस रिकाम्या फिरायला लागतात. सुट्टी संपायच्या आधी ड्रायव्हर लोक आपला रूट घोकून घेतात, कुठल्या बिल्डिंगखाली थांबायचं, कुठे वळायचं, कुठे नवीन खोदकाम निघालंय. मुलाच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून खालचा रस्ता दिसतो. आज सकाळी मी गवार मोडत बसले होते, तेव्हा एक बस येऊन थांबली, दार उघडलं, कोणी चढलं नाही, दार मिटलं, गेली. मी उठून खिडकीशी गेले होते. नात म्हणाली, "आजी, इट्स ओन्ली अ बस." खरं आहे. बसच होती.

तसल्या बसमध्ये मी कित्येक वर्षं काढली. आम्हाला इथे नॅनी म्हणतात. दारात उभं राहायचं, पोरं चढवायची, पट्टे लावायचे, कोणी ओकलं तर पुसायचं, झोपलेल्याला उठवून त्याच्या आईच्या हातात द्यायचं. मी वसईची. फादरांच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, पुढे वाडीत राबले, मग लोकांच्या घरी. इथे आले ती एका गोऱ्या कुटुंबाची मुलं सांभाळायला. त्यांच्या घरात माझा कप वेगळा, माझी थाळी वेगळी, सिंकखालच्या कपाटात. त्यांची मुलं माझ्या हातचं खायची, माझ्या मांडीवर झोपायची, पण कप वेगळा. त्याचं दुःख करत बसायला मला वेळ नव्हता. ते आपल्या देशात परत गेले, मी बसवर लागले.

इथला ऑगस्ट ज्याने काढला नाही त्याला सांगून कळायचा नाही. घाम अंगावर येतो आणि तिथेच राहतो, वाळत नाही. एसीतून बाहेर पाय टाकला की चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस आंधळा होतो. डोंगर समोर उभे असतात, पण धुरळ्यात दिसत नाहीत. सिमेंटच्या कारखान्यांची पूड उभ्या गाड्यांवर बसते आणि रात्रीच्या दमटपणाने तिचा चिखल होतो. बाजारात रुताब येते, म्हणजे अर्धा पिकलेला खजूर, निम्मा पिवळा निम्मा तपकिरी, बोट लागलं की फुटतो आणि हात चिकट होतो. या दिवसांत मला अजून खजूर नको वाटतो. माझं खजुराशी काही वैर नाही. खान स्टिअरिंगजवळ त्याचा खोका ठेवायचा.

खान आमच्या बसचा ड्रायव्हर. पाकिस्तानातल्या स्वातचा पठाण, दाढी मेंदीने लाल, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. मला अम्मा म्हणायचा, जरी माझ्याहून फार लहान नव्हता. सकाळी बस सुरू करायच्या आधी मला त्याचाही ताप मोजावा लागे. तो डोळे मिटून कपाळ पुढे करायचा. "मारो अम्मा, मारो. बीवी से बच गया, अब तुम्हारे हाथ से मरेगा." हिरवा आकडा आला की म्हणायचा, "देखो, पठान ठंडा है," आणि मग माझ्या हातातून बंदूक घेऊन माझ्या कपाळावर धरायचा.

ती बंदूक पांढऱ्या प्लास्टिकची होती. कपाळासमोर धरायची, घोडा दाबायचा, टुक करून वाजायची. हिरवा आकडा आला तर पोर आत. साडेसदतीसच्या वर गेला की आकडा लाल, आणि लाल आला की पोर घरी. माझी सही नको, माझं मत नको. कोरोनाच्या वर्षी शाळा मार्चमध्ये बंद झाल्या त्या ऑगस्टच्या शेवटी उघडल्या, आणि उघडताना शाळेने आम्हाला एवढंच शिकवलं. बसमधल्या निम्म्या सीटवर लाल पट्ट्यांची फुली मारली. डेटॉलचा वास इतका की घरी गेल्यावरही साडीला यायचा. पोरं चढायची ती मास्क, त्यावर प्लास्टिकचा पडदा, हातात मोजे, जणू मासळीच्या कारखान्यात कामाला निघालीत.

ज्याला यायचं त्याने शाळेत यावं, नाहीतर घरून ऑनलाइन शिकावं, असं शाळेने सांगितलं होतं. ऐकायला बरं वाटतं. ज्याच्या घरी लॅपटॉप, दार लागणारी खोली आणि घरात बसणारं माणूस, त्याला दोन वाटा होत्या. एस्तेरला एकच होती.

एस्तेर युगांडाची. बाप इथल्या एका सिमेंटच्या कारखान्यात मशीनवर होता. त्याची आई वारली म्हणून तिला मातीआड करायला गावी गेला आणि विमानं बंद झाली. तो तिकडेच अडकला आणि इकडे कंपनीने त्याची जागा भरली. एस्तेरची आई प्रॉसी एका सुपरमार्केटच्या दारात सिक्युरिटी. मायलेकी वर्कशॉपच्या गल्लीमागे एका खोलीत राहायच्या. खोलीला मध्ये प्लायवूड लावलेलं, पलीकडे आणखी दोन बायका. फोन एकच, तो प्रॉसीबरोबर ड्युटीवर जायचा. ऑनलाइन वर्ग भरायचा तेव्हा एस्तेर प्लायवूडसमोर बसलेली असायची, पुस्तक उघडून, फोनशिवाय.

शाळेने प्रॉसीला बोलावून सांगितलं होतं: ऑनलाइन दिसत नाही, वर्गातही दिसली नाही, तर नाव काढू. वेटिंगला मुलं आहेत. नाव निघालं असतं तर वर्षाच्या मध्येच दुसरी शाळा घेणार नव्हती. मग पोरीला घरी एकटी कोंडून ठेवायची किंवा युगांडाला पाठवायची, आणि तिथल्या शाळा तर उघडायचं नावही घेत नव्हत्या. हे प्रॉसीने मला स्टॉपवर सांगितलं, मोडक्या इंग्रजीत आणि मोडक्या हिंदीत. माझंही दोन्ही मोडकंच. "मामा मार्था," ती म्हणाली, तिकडे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात, "शी मस्ट सिट इन दॅट क्लास. बस, और कुछ नहीं."

पहिल्या दिवशी एस्तेर लाल आली.

कारण सांगायला डॉक्टर लागत नाही. आमच्या बसचा स्टॉप एकच, एका टॉवरखाली. टॉवरमधली पोरं लॉबीत एसीखाली उभी राहायची, काहींच्या आया गाडीत एसी लावून बसायच्या, आणि बस दिसली की पोर बाहेर यायचं. कपाळ थंडगार. एस्तेर वर्कशॉपच्या गल्लीतून चालत यायची, पुऱ्या उन्हातून. सावलीला म्हणून लॉबीच्या दाराशी गेली तर वॉचमन हात आडवा करायचा. बांगलादेशी म्हातारा, त्याला मॅनेजरने सांगून ठेवलेलं, "रेसिडेन्ट ओन्ली." मग ती फुटपाथवर विजेच्या पेटीशेजारी उभी राहायची. त्या पेटीवर खोल्यांच्या जाहिराती चिकटवलेल्या असायच्या, अजूनही असतात. बेडस्पेस, म्हणजे खोलीतली एक खाट, फक्त इंडियन. फक्त फिलिपिनो. एकीवर खाली पेनाने लिहिलेलं, आफ्रिकन नको. पोरीला वाचता येत होतं.

ट्रान्सपोर्टच्या सरांना मी फोन केला. म्हटलं, सर, उन्हातलं पोर आहे, दगडावर बंदूक धरली तरी लाल येईल. ते म्हणाले, "आंटी, मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. पण रूल दारातच मोजायचा आहे. उद्या काही झालं तर नोकरी तुमची जाईल आणि माझीही." वाईट माणूस नव्हते. त्यांनाही पोरं होती.

दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी प्रॉसीने तिच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकून आणलं, तरी लाल. लाल आली की एस्तेर मुकाट मागे वळायची, काही न विचारता. इतर पोरं खिडकीतून बघायची. एकाने काचेला नाक लावून ओरडून विचारलं, "आंटी, इज शी हॅविंग कोरोना?" मी म्हटलं, "तुझं नाक काढ काचेवरून, आत्ताच पुसलीय."

प्रॉसीच्या हातातही तीच बंदूक होती. सुपरमार्केटच्या दारात दिवसभर ती लोकांच्या कपाळावर धरायची. एका संध्याकाळी मी दूध आणायला गेले तेव्हा तिने मला दाखवलं. पार्किंगमधून एक साहेब आला, गोरा, उन्हाने टोमॅटो झालेला. लाल आकडा. प्रॉसीने त्याला खुर्ची दिली, पंख्याखाली बसवलं, पाण्याची बाटली दिली. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, हिरवा, आत गेला. "कस्टमर को सेकंड टाइम देखना," प्रॉसी म्हणाली. "मॅनेजर का ऑर्डर." मग म्हणाली, "माय चाइल्ड इज नॉट कस्टमर?" ती शाळेची फी भरतच होती. मी दुधाची पिशवी उचलली.

या देशात पगारसुद्धा पासपोर्ट बघून ठरतो, हे इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात कळतं. काम तेच, खुर्ची तीच, पण पासपोर्टच्या रंगाने आकडा बदलतो. आपले लोक त्याबद्दल खूप बोलतात. गोऱ्याला किती आणि मला किती. रविवारी चर्चमधून बाहेर पडल्यावर बोलतात, लग्नात बोलतात. पण आपण मधल्या पायरीवर उभे आहोत आणि खालीही पायऱ्या आहेत, हे बोलताना कोणी आढळत नाही. वर बघून रडायचं आणि खाली बघून नाक मुरडायचं. आमच्या वसईत मुलगी बघायला आले की पहिला प्रश्न रंगाचा. माझ्या धाकट्या बहिणीला तीन ठिकाणांहून नकार आला तो रंगावरून, आणि नकार देणारे सगळे आमच्याचसारखे तव्याच्या बुडाचे. हे मी विनोद म्हणून सांगत नाही.

मग मी आणि खानने आपलं डोकं चालवलं. खरं तर खानने. एस्तेर लाल आलेली, परत वळायच्या बेतात, आणि तो म्हणाला, "अम्मा, बच्ची को अंदर लो, यल्ला, जल्दी. इधर मेरे पीछे बैठाओ, एसी के सामने. ठंडा होने दो, फिर मारो." मी म्हटलं, "रूल दार का है." तो म्हणाला, "दार इधर, सीट उधर. बीच में एक हाथ का फरक है. तुम्हारा रूल इतना सा है?" मी तिला आत घेतलं. ती माझ्या समोरच्या सीटवर बसली, कपाळावर एसीचा झोत. बाकीची पोरं चढवून झाली तेव्हा मी बंदूक धरली. टुक. हिरवा. छत्तीस पॉइंट काहीतरी.

तेव्हा एस्तेर हसली असावी. मास्कमुळे ठाऊक नाही. डोळे बारीक झाले एवढं खरं.

ते थोडे दिवस मला आठवतात. बस अर्धी रिकामी, मागे पोरांची कुजबुज, पुढे एस्तेर. ती रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची. इंग्रजी वाचायची आणि मग अरबीही, शाळेत अरबी असतंच. खान म्हणायचा, "अम्मा, ये तो हमारा जीपीएस है." तिचे केस आईने घट्ट बारीक वेण्यांत बांधलेले असायचे, टोकाला पिवळे मणी. मागची एक मुलगी विचारून त्या मण्यांना हात लावायची. एस्तेर लावू द्यायची, पण फक्त एकदाच, दुसऱ्यांदा मान काढून घ्यायची. उतरताना म्हणायची, "थँक यू, मामा. थँक यू, अंकल खान." थँक यू म्हणणारं दुसरं पोर त्या बसमध्ये नव्हतं. लाडाने म्हणत नाही, मी ऐकत असायचे.

अद्वैत सात वर्षांचा. आईबाप पुण्याकडचे, आई फ्री झोनमधल्या एका ऑफिसात. गोड पोरगा, बडबड्या. एका सकाळी तो चढला तेव्हा कपाळ हिरवं आलं, पण डोळे पाणावलेले आणि तोंडाला स्ट्रॉबेरीचा वास, मास्कमधूनही यावा इतका. मी विचारलं, काय खाल्लंस रे? "पिंक मेडिसिन," तो म्हणाला. "मम्मा गेव्ह. सो द गन विल बी ग्रीन."

हे काही तिच्या एकटीचं नव्हतं. त्या महिन्यात स्टॉपवर आया एकमेकींना सांगायच्या, उघड उघड, पाककृती सांगावी तसं. सकाळी पॅनाडॉलचा, म्हणजे तापाच्या औषधाचा, एक डोस देऊन ठेवायचा, दिवसभर टेन्शन नाही. थोडी कणकण असली तरी बंदुकीत येत नाही. त्यांनाही दुसरा मार्ग नव्हता, हे मला कळतं. ऑफिसं उघडली होती. घरून काम म्हटलं की बॉस म्हणायचा, मग घरीच राहा, खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर गेलं. अद्वैतची आई एकदा मला म्हणाली होती, "मावशी, मला महिन्यात एकच सुट्टी उरलीय, ती मी मरायला ठेवलीय." हसली होती सांगताना. तेव्हा ती मला आवडायची.

अशी ती बंदूक. औषध प्यालेलं तापलेलं पोर हिरवं, उन्हातून आलेलं ठणठणीत पोर लाल.

एस्तेरला आधी आत घेऊन मग मोजतात, हे कोणीतरी लॉबीतून फोनवर टिपलं आणि आयांच्या ग्रुपवर टाकलं. मी त्या ग्रुपवर नव्हते, मला एकीने दाखवलं. "हिलाच स्पेशल का?" "आंटीने पैसे घेतले असतील." "ते लोक एका खोलीत दहा जण राहतात." "मी रेसिस्ट नाही, माझ्या ऑफिसात नायजेरियन आहेत, फार छान माणसं, पण मुलांच्या बाबतीत रिस्क नको." त्याखाली बरेच अंगठे. दाखवणारीने विचारलं, "आंटी, तुम्हाला राग आला का?" मी विचारलं, तुझा अंगठा यात कुठला? तिने फोन खिशात टाकला.

अद्वैतने गुलाबी औषधाचं सांगितलं त्याच दिवशी दुपारी, परतीच्या फेरीत, तो तापला. सकाळचा डोस दुपारी उतरतो. आणि परतीला बंदूक नसायची, घरी जाणाऱ्या पोराचा ताप कोण मोजतो? तो सीटवर आडवा झाला होता, पट्ट्यात लोंबत. मी कपाळाला हात लावला तर हात मागे घेतला. टॉवरखाली आलो तर आई नव्हती, ऑफिसातून निघायला उशीर झालेला. खान उठला, पोराला पट्ट्यातून सोडवलं आणि खांद्यावर घेतलं. पोराचं तोंड त्याच्या मानेत. मी म्हटलं, खान, मास्क सरकलाय तुझा. तो म्हणाला, "बच्चा है, अम्मा." लॉबीत वॉचमनने त्याला अडवलं नाही, कारण खांद्यावर त्या टॉवरमधलं पोर होतं. आई येईपर्यंत तो त्याला घेऊन उभा राहिला. अद्वैत त्याच्या अंगावर ओकला.

आई आल्यावर मी तिला म्हटलं, याला खूप ताप आहे, टेस्ट करा आणि शाळेला कळवा. ती म्हणाली, "मावशी, ऊन लागलंय. प्लीज शाळेत बोलू नका. क्वारंटाइन लागला तर माझी नोकरी जाईल." मी ट्रान्सपोर्टच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आंटी, पुरावा नसताना पालकांबद्दल असं बोलू नका."

दुसरी सकाळ म्हणजे दप्तर ओढलं ती सकाळ.

रात्रभर पोर फणफणलं होतं. आई झोपलेली नव्हती, केस विंचरलेले नव्हते, ऑफिसचे कपडे मात्र घातलेले. तिच्या मागे आणखी चार-पाच बायका, आपापली पोरं हाताला धरून. आपल्या पोराला ताप कुठून आला हे तिने रात्रीत ठरवलं होतं. आणि ती पोरगी तिला पायरीवर चढताना दिसली.

मी खाली उतरले, एस्तेरला उठवलं, कोपर खरचटलं होतं ते पदराने टिपलं. अद्वैतची आई ओरडत होती, "माझा मुलगा वर तापाने तडफडतोय, हिच्यामुळे!" मी मुद्दाम हिंदीत, सगळ्यांना कळेल असं म्हटलं, "तुझा मुलगा कालच तापला होता. गुलाबी औषध पाजून तूच त्याला चढवलंस. त्याने मला सांगितलंय." लोक म्हणतात, खरं तोंडावर बोललं की माणूस गप्प होतो. होत नाही. ती आणखी मोठ्याने बोलायला लागली. मागच्या बायका आधी तिच्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघायला लागल्या, आणि एक म्हणाली, "आंटी, तुम्ही स्टाफ आहात, स्टाफसारखं बोला." त्यांच्यातल्या निम्म्या जणींच्या घरी तीच बाटली होती.

बायकांनी आपली पोरं परत नेली. खान हॉर्नवर हात ठेवून बसला होता, खोकत. मी एस्तेरला आत बसवलं. त्या दिवशी एवढी मोठी बस एका पोरीला घेऊन शाळेत गेली. तिने एकही पाटी वाचली नाही. गेटवर ट्रान्सपोर्टचे सर उभे होते, त्यांना फोन आधीच गेले होते. त्यांनी एस्तेरला वर्गात सोडलं नाही, तापाच्या पोरांसाठी ठेवलेल्या खोलीत बसवलं आणि प्रॉसीला ड्युटीवरून बोलावलं. ती युनिफॉर्ममध्ये आली, डोक्यावर टोपी तशीच. तिने कोणाशी भांडण केलं नाही. पोरीचं कोपर बघितलं, मला विचारलं, "हू?" मी सांगितलं. तिने मान हलवली, नाव आधीच ठाऊक असावं तशी.

मग सगळ्यांच्या टेस्ट झाल्या. अद्वैत पॉझिटिव्ह, त्याची आई पॉझिटिव्ह. खान पॉझिटिव्ह. मीही. प्रॉसी आणि एस्तेर दोघी निगेटिव्ह, पुन्हा केली तरी निगेटिव्ह. मला वाटलं, हा कागद दाखवला की संपलं. मी चौथी शिकलेली बाई, माझा कागदावर विश्वास. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, त्या लोकांची इम्युनिटी वेगळी असते, ते नुसते पसरवतात.

माझ्या आजाराचं सांगण्यासारखं काही नाही. मुलाने खोलीच्या दाराशी पेज ठेवली, मी ती खाल्ली, चव नव्हती. खानला श्वास लागला म्हणून हॉस्पिटलात नेलं. तिथून त्याने मला एक व्हॉइस मेसेज पाठवला, अर्धा खोकलाच. "अम्मा, इधर एसी बहुत अच्छा है. पठान एकदम ठंडा." त्यानंतर नळी घातली. त्याला इथेच पुरला. बायकोने स्वातमधून फोनवर बघितलं. कोणाकडून कोणाला लागला, हे देवाला ठाऊक. मला दिसलं ते एवढंच, की त्याने तापलेलं पोर उचललं होतं.

बस काही दिवस बंद राहिली. पुन्हा सुरू झाली तेव्हा ड्रायव्हर नवा होता. मला मात्र परत घेतलं नाही, दारात मोजायचा नियम मोडला म्हणून. मोडला, ते खरंच आहे. पुन्हा तसं पोर पायरीशी आलं तर पुन्हा मोडीन. अद्वैतच्या आईची नोकरी टिकली की गेली, ते मला माहीत नाही. त्यांनी घर बदललं.

एस्तेरचं नाव शाळेने काढलं. फोनवरून सांगितलं, कारण गैरहजेरी. प्रॉसी कागद घेऊन गेली, मीही तिच्याबरोबर गेले, मास्क लावून. ऑफिसातली बाई म्हणाली, सीट भरली. पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षापर्यंत पोरीला त्या प्लायवूडसमोर ठेवणार कोण? विमानं सुरू झाली तशी प्रॉसीने तिला युगांडाला बापाकडे पाठवलं. तिथे शाळा बंदच होत्या, आणि इथल्यापेक्षा कितीतरी जास्त काळ बंद राहिल्या. इथे दोन उन्हाळे पोरं शाळेत जाऊन आली तेव्हा ती तिथे केळी सोलत होती आणि चुलत भावंडं सांभाळत होती.

खान गेला. बाकी आम्ही सगळे जगलो. अद्वैत जगला, त्याची आई जगली, मी जगले. प्रॉसी जगली, अजून त्याच दारात उभी असते. एस्तेर जगली. ती आता पंधरा वर्षांची आहे आणि बारा वर्षांच्या पोरांच्या वर्गात बसते.